पदराखालचा सौदा

"हात दे," अक्का म्हणाल्या.

मी दोन्ही हात पुढे केले.

"दोन्ही कशाला? बांगड्या भरायच्या न्हाईत. उजवा दे."

मी उजवा दिला. अक्कांनी तो ओढून स्वतःच्या मांडीवर घेतला आणि इरकली लुगड्याचा पदर त्याच्यावर टाकला. मनगटापासून पुढचा माझा हात दिसेनासा झाला. शेजारी बसलेला त्यांचा पुतण्या सन्मती चटकन भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागला. कोपऱ्यातल्या दिवाणजींनीही मान वळवली. तान्ह्या बाळाला पाजायला घेतलं की घरातले पुरुष जसे एकदम दुसरीकडे बघतात, तसंच हे. काहीतरी खाजगी घडणार आहे आणि ते माझ्या बाबतीत घडणार आहे, एवढं मला कळलं.

या गोष्टीला आता पंधरा-सोळा वर्षं झाली. सांगलीच्या मार्केट यार्डात मगदूमांची हळदीची अडत आहे. शेतकऱ्यांनी आणलेली हळद तिथं सौद्यात विकली जाते. नवरा वारल्यापासून ती पेढी पद्मावती मगदूम चालवत होत्या, आणि सगळा यार्ड त्यांना अक्का म्हणायचा. पेढीवरची गादी पिवळी, लोड पिवळे, फोनची बटणं पिवळी, दिवाणजींच्या पांढऱ्या टोपीचीसुद्धा कड पिवळी. सन्मतीची आणि माझी ओळख पुण्यातली. त्याला सिनेमा काढायचा होता आणि अक्कांनी तो काढून दिला होता. "दुसऱ्यांची पोरं दारू पितात, आमचं सिनेमा काढतंय, असू दे," असं त्यांचं म्हणणं. सिनेमा एका लग्नघरातल्या भांडणाचा होता. शूटिंग झालं, एडिटिंग झालं, आता आवाजाचं मिक्सिंग उरलं होतं, आणि त्यासाठी सन्मतीनं मला बोलावलं होतं.

मी पोतनीस सरांच्या स्टुडिओतली पगारी नोकरी सोडून स्वतंत्र काम करायला लागले होते. स्वतंत्र म्हणजे काय, तर पगार नाही. कामं मिळत होती, लोक खूशही होते, फक्त दर विचारला की माझी जीभ टाळ्याला चिकटायची. मी म्हणायचे, "तुम्हीच सांगा काय ते." हे वाक्य ऐकलं की समोरच्याचा चेहरा कसा उजळतो, ते एकदा म्हणून बघा. एका माहितीपटाच्या कामाबद्दल मला शाल आणि श्रीफळ मिळालं होतं, आणि श्रीफळ नासकं निघालं. पोतनीस सरांनी मोठ्या मनानं सांगून ठेवलं होतं, की महिनाअखेरीपर्यंत तुझी खुर्ची रिकामी ठेवतो, जमत नसेल तर परत ये. सन्मतीचा सिनेमा हा माझा पहिला पूर्ण लांबीचा सिनेमा. त्याचे नीट पैसे मिळाले तर मी स्वतंत्र राहणार, नाहीतर खाली मान घालून पुन्हा त्या खुर्चीत. इतकं सरळ होतं.

आकडा मी पाठ करून आले होते. स्वारगेटला एसटीत चढताना तो एक लाख होता. साताऱ्याला ऐंशी हजार झाला, कराडला चहा पिताना साठ, आणि सांगलीच्या स्टँडवर उतरले तेव्हा तो "तुम्हीच सांगा काय ते" इथवर आला होता. तेच मी अक्कांना म्हणाले. त्यावर त्यांनी हात मागितला होता.

पदराखाली आधी काहीच घडलं नाही. मग अक्कांच्या नखानं माझ्या तळहातावर एक रेघ ओढायला घेतली.

आता एक सांगायला हवं. मला गुदगुल्या फार होतात. लहानपणी मेंदी काढायला बसवलं की दोन मावश्या मला धरून ठेवायच्या, तरी मेंदी कोपरापर्यंत जायची. अक्कांची रेघ अंगठ्याच्या मुळाशी सुरू झाली, मध्यावर आली, आणि मी झटक्यात हात मागे घेतला.

अक्कांनी माझ्याकडे नीट बघितलं. "असं?" म्हणाल्या आणि हात पुन्हा ओढून घेतला. पुन्हा रेघ, या वेळी जरा लांब. मी पुन्हा हात काढला. हसू फुटू नये म्हणून मी ओठ दाबून धरले होते, त्यामुळे चेहरा फार करारी दिसत असणार. तिसऱ्यांदा त्यांनी माझी तर्जनी मुठीत धरली. मी जरा सैलावले, तोच मागाहून रेघ आलीच. हात बाहेर.

"लई चिवट हाईस गं," अक्का म्हणाल्या. राग होता की कौतुक, मला कळलं नाही. आवाज ओळखणं हा माझा धंदा, तरी कळलं नाही.

चौथ्यांदा मात्र मला लाज वाटली. मोठ्या बाईनं हात धरावा आणि आपण तो सारखा हिसकावून घ्यावा, हे काही बरं दिसत नव्हतं. मी दात आवळले, पायाचे अंगठे आत वळवले आणि मनात एकोणतीसचा पाढा म्हणायला लागले. तर्जनी धरली गेली. मग रेघ आली, तळहाताच्या मध्यापर्यंत. मी हात हलवला नाही.

"ठरलं," अक्का म्हणाल्या आणि पदर सावरला. सन्मती कॅलेंडरवरून परत आला. दिवाणजींनी गुळाचा खडा माझ्यापुढे धरला.

"अक्का, पण म्हणजे किती..."

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "तोंडानं बोलायचा न्हाई. बोलला की सौदा मोडला. काम झालं की पैसे तुझ्या हातात."

मी गूळ खाल्ला.

बाहेर आल्यावर सन्मतीला गाठलं. "किती ठरले?"

"मला काय विचारतेस? हात तुझा होता."

"मला त्यातलं काय कळतंय?"

"मलाही नाही कळत. मी पुण्यात होस्टेलवर वाढलो." मग त्यानं आवाज उतरवला. "पण अक्कांना विचारू नकोस हं. एका व्यापाऱ्यानं ठरलेला भाव चहाच्या टपरीवर बोलून दाखवला, तर अक्कांनी सौदा मोडला. तो आजतागायत पेढीची पायरी चढलेला नाही."

अशा रीतीनं मी आयुष्यातलं पहिलं मोठं काम घेतलं. त्याचा दर समोरच्याला माहीत होता आणि मला नव्हता.

मिक्सिंगला चांगली खोली लागते. मी पुण्यातल्या एका स्टुडिओचं नाव काढलं, तर अक्का म्हणाल्या, "भाडं कशाला घालायचं? आपलं मागचं गोदाम मोकळं हाय." मी जाऊन टाळी वाजवली. ती चार भिंतींना भेटून सावकाश परत आली. मी अक्कांना सांगितलं, की उघडी भिंत आवाज परत फेकते, भिंतीला काहीतरी जाड आणि मऊ लागतं, नाहीतर खरं काय ते ऐकू येत नाही.

"पोती चालतील?"

हमालांनी दुपारपर्यंत दाराची सोडून तिन्ही भिंतींना हळदीची पोती लावली, डोक्याच्या वर जाईल इतकी थप्पी. मी पुन्हा टाळी वाजवली. टाळी जागच्या जागी मेली. स्टुडिओवाले जे काम ढीगभर पैसे ओतून करून घेतात, ते हळदीनं फुकटात केलं होतं. मी पुण्याहून कॉम्प्युटर, स्पीकर आणि आवाज वरखाली करायच्या पट्ट्यांचं छोटं यंत्र आणलं. पहिल्या आठवड्यातच ते सगळं पिवळं झालं. मीही झाले. आई फोनवर म्हणाली, इतक्या शिंका येतायत तर हळद घालून दूध घे.

काम आवडीचं होतं. संवाद, बँड, पावलं, भांडी, कुत्री, सगळे आवाज वेगवेगळे आलेले असतात. त्यांना एकत्र बसवायचं, कुणाला पुढे घ्यायचं, कुणाला मागे ठेवायचं. अक्का रोज येऊन एका पोत्यावर टेकायच्या. "म्हणजे प्रतवारी," असं त्यांनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं. मगदूम जैन, त्यामुळे दिवस मावळायच्या आत जेवण. ऊन पिवळं झालं की अक्का पोत्यावरून उठायच्या आणि माझाही कॉम्प्युटर बंद करायला लावायच्या. सिनेमाच्या धंद्यात दिवसाउजेडी जेवून वेळेवर झोपलेली बहुधा मी एकटीच असेन. पण झोप कुठली? रात्री डोळे मिटले की तळहातावर रेघ.

मी पुष्कळ युक्त्या करून पाहिल्या. उचल मागितली. उचल बहुतेक निम्मी देतात, म्हणजे दुप्पट केली की आकडा मिळेल. अक्का म्हणाल्या, "लागंल तेवढी घे, घरचंच काम हाय." मग कर किती कापणार ते विचारलं. "बसंल तेवढा कापू," म्हणाल्या. शेवटी एका दुपारी दिवाणजींना एकटं गाठलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "दिवाणजी, बोटांचं गणित काय असतं हो?"

"सोपं हाय ताई. एक बोट म्हंजे एक, दोन म्हंजे दोन. तळहातावर रेघ म्हंजे वरचे पाव, अर्धा, पाऊण. जशी लांबी तसं."

मी मनात जुळवलं. एक बोट आणि मध्यापर्यंतची रेघ. "म्हणजे एक बोट आणि अर्धी-मुर्धी रेघ असेल तर दीड?"

"दीड."

"दीड काय?"

"त्ये मालावर. एका मालाला शेकड्यात, दुसऱ्याला हजारात, मोठा माल असंल तर लाखात. धरणाऱ्याला ठावं असतं." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "तुमी कंचा माल?"

तेच तर मला ठरवता येत नव्हतं. दीडशे नसणार, एवढी खात्री होती. पण दीड हजार रोज, की पुऱ्या सिनेमाचे दीड लाख? दीड हजार रोजानं तीसेक हजार होतात, म्हणजे पोतनीस सरांची खुर्ची. दीड लाख म्हणजे वर्षभर कुणाचं तोंड बघायला नको.

याचा परिणाम कामावर व्हायला लागला. सकाळी मला वाटायचं, दीड हजारच असणार, आपल्याला कोण लाख देतंय. मग मी वरातीचा सीन उरकून टाकायचे. बँड, घोडा, माणसं, झालं. दुपारी जेवताना घास अडकायचा. लाख असले तर? मग परत जाऊन घोड्याच्या एकेका टापेला जागा करत बसायचे. कमी पैशांचं काम म्हणजे नेमकं किती काम, हे मला कुणीच शिकवलं नव्हतं. शेवटी वैतागून मी सगळंच लाखाचं करायला लागले. दर काहीही निघो, वाईट काम पुन्हा पुन्हा ऐकायची शिक्षा मलाच होती.

पोतनीस सरांचा फोन आला. सर स्वतः किती घेतात हे इतक्या वर्षांत त्यांनी मला कळू दिलं नव्हतं, पण दुसऱ्याचं विचारायला त्यांना कधी जड जात नसे. "कितीला घेतलंस?"

"सांगता येत नाही, सर."

"सांगता येत नाही?"

"खरंच सांगता येत नाही."

"असं असं. झाकली मूठ सव्वा लाखाची, काय? शिकलीस." आणि मग, मी काही न म्हणताच, त्यांनी खुर्चीचा पगार हजारानं वाढवला. मी इतकी चकित झाले की बोलणंच सुचेना, तर त्यांनी आणखी पाचशे घातले. मी घाईघाईनं फोन ठेवला. म्हटलं, आणखी गप्प राहिले तर माणूस कर्जबाजारी व्हायचा.

मध्यंतरापर्यंतच्या सिनेमाचे आवाज बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोदामाचं दार उघडलं, शिंकले, आणि माझी शिंक चार भिंतींना भेटून परत आली.

पोती नव्हती. एकही नाही. जमिनीवर नुसते पिवळे चौकोन होते. मधोमध टेबल, टेबलावर कॉम्प्युटर, आणि चारी बाजूंना दगड. मी आदल्या दिवशीचा सीन लावला. नवरीची आई विहिरीत पडून बोलल्यासारखी बोलायला लागली. या खोलीत पुढचा अर्धा सिनेमा केला असता तर तो पहिल्या अर्ध्याशी कधीच जुळला नसता.

मी तशीच धावत यार्डात गेले. सौदे चालू होते. हळदीच्या ढिगापाशी अक्का आणि एक परगावचा व्यापारी समोरासमोर उभे होते, दोघांच्या हातांवर रुमाल होता, आणि भोवतीचे लोक रीतीप्रमाणे दुसरीकडे बघत होते.

"अक्का, माझ्या भिंती विकल्यात तुम्ही," मी म्हणाले.

व्यापाऱ्याचा हात रुमालाखालून निसटला. यार्ड गप्प झाला. इतकी शांतता मला कुठल्याच स्टुडिओत मिळाली नव्हती.

"भिंती कुठल्या?" अक्का म्हणाल्या. "हळद विकली. काल भाव चढला."

"मग मी काम कशात करू?"

"तिथंच कर की. काम्पुटर न्हेला का कुणी?"

"अक्का, तुम्ही हळदीचा रंग पिवळ्या बल्बखाली बघून भाव ठरवता का?"

"खुळी का काय? उन्हात बघतो आमी."

"तसंच आहे हे. उघड्या खोलीत मला खरा आवाज ऐकूच येत नाही. मी जे करीन ते थिएटरात चुकीचं निघेल. नाव सन्मतीचं जाईल."

हे अक्कांना पटलं. पण त्या व्यापारी होत्या. "परत लावायची म्हणजे नवी पोती धरून ठेवायला लागणार, या चढत्या बाजारात. त्या पोत्यांचा आजचा भाव ठावं हाय का तुला?"

"मला माझाच भाव माहीत नाही," मी म्हणाले.

हे असं सगळ्यांसमोर म्हणायचं नव्हतं. पण इतके दिवस दाबून ठेवलेलं निघालं.

"म्हंजे?"

"तुम्ही पदराखाली काय सांगितलंत ते मला कळलंच नाही. बोटं कळली नाहीत, रेघाही कळल्या नाहीत."

"तीनदा हात काढून घेतलास की."

"गुदगुल्या होत होत्या."

आधी एक हमाल हसला. मग व्यापारी, मग सगळा यार्ड. अक्का हसल्या नाहीत. त्यांनी रुमालाची घडी केली, दिवाणजींच्या हातात दिली आणि मला म्हणाल्या, "पेढीवर चल."

पेढीवर त्या गादीवर टेकल्या. सन्मती दारात उभा होता. मग म्हणाल्या, "आमचे मालक गेले आणि मी या गादीवर बसले, तवा कुणी रुमालाखाली हात देईना. बाईचा हात कसा धरायचा? तोंडानं सांगा म्हणायचे. मी तोंडानं सांगायची, सगळा यार्ड ऐकायचा, आणि शेजारचा त्याहून कमी सांगून गिऱ्हाईक न्यायचा. लई तोटा खाल्ला. मग एक म्हातारा व्यापारी आला. त्यानं काही न बोलता रुमाल टाकला आणि हात पुढं केला. त्या दिवशी मी यार्डात आले म्हण." त्यांनी पदराचं टोक बोटांत धरलं. "बाईमाणसाशी मी आजवर सौदा केला नव्हता. तू पहिली. म्हणून रुमाल घेतला न्हाई, पदर घेतला. आणि तुला गुदगुल्या झाल्या."

मला फार वाईट वाटलं. तो पदर म्हणजे मला मान दिला होता, आणि मी तो एकोणतीसचा पाढा म्हणत सोसला होता.

"चुकले, अक्का."

"चुकायचं काय त्यात? कळला न्हाई तो सौदाच न्हाई. मोडला तो." त्या मांडी ठोकून बसल्या. "आता तोंडानं सांग. तुझं तू."

दिवाणजींनी लेखणी थांबवली. सन्मतीनं या वेळी कॅलेंडरकडे बघितलं नाही, माझ्याकडेच बघितलं. मला कळत होतं काय पणाला लागलंय ते. मोडलेला सौदा हजारातला असेल तर लाखाचं नाव काढून मी हास्यास्पद होणार. लाखातला असेल तर आता जे कमी बोलेन ते घालवणार. दीड लाख म्हणून टाकावं, असंही मनात आलं. पण दीड हा अक्कांच्या बोटांचा आकडा होता. माझ्या कामाचा, यंत्रांचा, दिवसांचा हिशोब मी स्वारगेटला केला होता, आणि तो बरोबर होता. फक्त साताऱ्याच्या पुढे तो मला पेलला नव्हता.

"एक लाख कामाचे," मी म्हणाले. "पोती हलवल्यामुळे मला अर्धं काम पुन्हा तपासून घ्यावं लागणार, त्याचे वर पंचवीस हजार. सव्वा लाख. आणि काम संपेपर्यंत पोत्यांना हात लावायचा नाही, भाव कितीही चढला तरी."

आवाज कापला नाही. माझा मलाच ऐकू आला, आणि चांगला वाटला.

"कमी करशील?" अक्कांनी विचारलं.

"नाही."

"ठरलं."

दिवाणजींनी गूळ काढला. मी तो तोंडात टाकला खरा, पण राहवेना. "अक्का, पदराखाली किती होता?"

"मोडलेला सौदा उच्चारायचा न्हाई," अक्का म्हणाल्या आणि हमालांना हाक मारायला उठल्या.

पोती परत आली. काम संपलं. सिनेमा सांगलीत बरा चालला, बाकी ठिकाणी त्यानं फारसा कुणाला त्रास दिला नाही. पैसे ठरल्याप्रमाणे माझ्या हातात पडले. महिनाअखेरीला पोतनीस सरांचा फोन आला, तेव्हा मी म्हणाले, "सर, मूठ उघडली. सव्वा लाखच निघाले."

"अगं, मोठ्यानं काय सांगतेस?" सर दचकून म्हणाले, जणू कुणी ऐकत होतं. खुर्चीचं त्यांनी पुन्हा काढलं नाही आणि मीही काढलं नाही. तेव्हापासून मी दर तोंडानं सांगते, आणि नवीन मुलंमुली विचारतात त्यांनाही सांगते. पण एक गोष्ट मनाला चाटून जायचीच. तो दीड हजार होता की दीड लाख?

गेल्या वर्षी सन्मतीनं दुसरा सिनेमा काढला. मी सांगलीला गेले, आणि पेढीच्या उंबऱ्यावर चपला काढायच्या आधीच माझा दर खणखणीत आवाजात सांगून टाकला. आता तो बराच मोठा आहे. गादीवर अक्का बसल्या होत्या, बारीक झालेल्या, कानाला यंत्र लावलेल्या.

"ऐकू येत न्हाई," त्या म्हणाल्या. "हात दे."

"अक्का, मी मोठ्यानं सांगते ना परत."

"हात दे म्हणते."

मी शेजारी बसले आणि उजवा हात दिला. पदर आला. सन्मती आणि म्हातारे दिवाणजी एकदम कॅलेंडरकडे वळले. यार्डात एव्हाना लिलाव आला होता, भाव भोंग्यावरून पुकारत होते. पदराखालचा सौदा त्या पेढीवर कितीतरी वर्षांत झाला नसावा.

अक्कांनी माझी तर्जनी धरली. मग तळहातावर एक रेघ ओढली, मध्यापर्यंत. मी दात आवळून ती पुरी होऊ दिली. दीड.

"ह्यो तवाचा," अक्का हळूच म्हणाल्या. मग पदराखालीच त्यांनी माझी मूठ मिटवून दाबली, म्हणजे लाखातला; ही खूण शंका असेल तरच देतात. दिवाणजींकडून मी मधल्या काळात सगळं शिकून घेतलं होतं.

तोंडानं मी पाव लाख घालवले होते. "मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तू मागितलंस तेवढं दिलं. मी अडतवाली हाय, तुझी मावशी न्हवं." त्या जरा हसल्या. "तुझा हात तुझ्यापेक्षा शहाणा होता."

मग त्यांनी आजचा सौदा सुरू केला. बोटं धरली, रेघ ओढली. उंबऱ्यावर मी जो आकडा बोलले होते तोच, जसाच्या तसा. कान इतकेही गेले नव्हते. मी हात स्थिर ठेवला. सौदा ठरला होता, आता पदर उचलायचा तेवढा बाकी होता.

तेवढ्यात अक्कांनी नखानं माझ्या तळहाताच्या अगदी मधोमध हळूच खाजवलं. ती रेघ नव्हती. पावाची नाही, अर्ध्याची नाही, कशाचीच नाही. माझा हात टुणकन पदराबाहेर आला.

"बघ रे सन्मती," अक्का म्हणाल्या, "न्हाई म्हणाली. लई चिवट हाय. पाव लाख वाढवावा लागतोय."

"अक्का, मी कुठं..."

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. दिवाणजींनी गूळ पुढे केला, आणि मी तो घेऊन गप्प बसले.